बाईंचा टांगा रिकामा

मी पुण्याची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण अमरावतीत माझं सगळं आयुष्य गेलं तरी समोरचा माणूस दोन वाक्यं ऐकली की विचारतोच, "तुमी इकडच्या नाई वाट्टे?" लग्न होऊन मी इथे आले ते पन्नासचं दशक सरता सरता. आल्या आल्या मुलींच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले आणि पहिलं वर्षभर सगळ्यांवर चिडत राहिले. इथली माणसं साधं बोलली तरी मला भांडल्यासारखी वाटत. एकदा शाळेचा शिपाई मला म्हणाला, "तुमी काहून उभ्या आहा?" काहून म्हणजे का, एवढं मला कळलं आणि मी तडक मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन निघाले. त्या बिचाऱ्याला फक्त खुर्ची आणून द्यायची होती.

मला दारातच अडवलं ते बाईंनी. शाळेत शिकवणाऱ्या बाया पुष्कळ, पण नुसतं 'बाई' म्हटलं की वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवणाऱ्या त्याच. त्यांनी माझा दंड धरून मला बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, "तो काहून म्हटला मंजे तुमची काळजी करून राहिला. रागावला असता तं बोललाच नसता." त्या दिवसापासून मी त्यांच्या मागे मागे. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या, पण हसायला लागल्या की आम्ही दोघी एकाच वर्गातल्या पोरी.

बाईंचं भाड्याचं घर अंबागेटच्या आत होतं आणि शाळा पार कॅम्पाकडे. रोज त्या टांग्यानं यायच्या. टांगेवाले चाचा ठरलेले, घोडा ठरलेला, उजव्या बाजूची बैठकही ठरलेली. बाई देहानं भारी. शिवाय लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडून डावा घोटा मोडला होता आणि गावच्या वैदूनं तो वाकडाच बसवला होता. थोडं चाललं की त्यांना थांबावं लागे. थांबायला त्या काही ना काही निमित्त काढत. कोणाच्या सासूची चौकशी, एखाद्या दुकानाची नवी पाटी. गावाला घोट्याचं ठाऊक नव्हतं. गावाच्या मते बाईंना टांग्याची ऐट होती, आणि बाईंनी गावाची समजूत तशीच राहू दिली होती.

ऐट करण्याजोगं घरात मात्र काही नव्हतं. दोन खोल्यांत आणि ओसरीवर मिळून डझनभर मुली राहायच्या. कोणी चांदूर बाजारच्या बाजूची, कोणी आणखी आतल्या खेड्यातली, आणि दोघी पार धारणीकडच्या, जिथून यायला आधी जीप, मग बस आणि पावसाळ्यात दोन्ही बंद. गावी पुढची शाळा नाही म्हणून बाईंनी त्यांना आणून ठेवलेलं. लोक त्याला बोर्डिंग म्हणत. बाई म्हणत, "बोर्डिंग कायचं, पोट्ट्या राहतात." त्या वर्षी घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यानं, अगदी हात जोडून, संक्रांतीपर्यंत घर रिकामं मागितलं. त्याचंही चुकत नव्हतं. पण डझनभर पोरींना कोण जागा देणार? बाईंनी गाव पालथं घातलं, म्हणजे टांग्यातून. सगळीकडे आदर मिळाला, चहा मिळाला, जागा मिळाली नाही. संक्रांतीनंतर मुली आपापल्या घरी जाणार हे दिसत होतं, आणि घरी गेलेली मुलगी परत शाळेत येत नसते हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. गेल्या खेपेला एक गेली होती, तिच्या लग्नाचीच पत्रिका आली.

आता दसऱ्याची गोष्ट. अकोल्याचे एक जिनवाले सेठजी होते. कापसात त्यांनी नाव आणि पैसा दोन्ही कमावले होते. त्यांचा एक बंगला आमच्या शाळेजवळ कॅम्पात पडून होता; कुलूप गंजलेलं, आवारात कमरेएवढं गवत. सेठजी दरवर्षी दसऱ्याला देवीच्या दर्शनाला अमरावतीला येत आणि एका ओळखीच्या घरी सोनं वाटत. बाई मला घेऊन तिथे गेल्या. आपट्याची पानं सेठजींच्या हातावर ठेवली आणि सरळ बंगला मागितला. भाड्यानं नाही, दान. बैठकीतले पानं देता देता थांबले.

सेठजी वाईट माणूस नव्हता. थट्टेखोर होता, आणि भरल्या बैठकीत त्याला थट्टा जास्त सुचायची. फाटकाशी उभ्या टांग्याकडे त्यानं बोट केलं. "बाई, असं बसल्या जागी मागितलं तं काय मागितलं? अकोल्याले या मागायले. टांग्यात नाई, पायी या. पायी आल्या तं बंगला तुमचा."

सगळे हसले. चाचाही लांबून हसले, त्यांना काय चाललंय ते कळलं नव्हतं तरी. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चालते."

परतताना टांग्यात मी विचारलं, "चालते म्हणजे काय, बाई?"

"चालते मंजे चालते. जाइन पायी."

अमरावती ते अकोला साठेक मैल. मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. त्यांनी पदर ओढून पाय झाकला. मी म्हटलं, "अहो, तो हसण्यावारी बोलला."

"हसून देल्लेला शब्द का शब्द नसते? नाताळच्या सुट्टीत जाइन. तुमी बाया जमवा."

बाया जमवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते असं काही केलं की त्यावर अमरावतीत पुढे कित्येक वर्षं लोक हसले. झालं होतं असं, की तोवर मला वऱ्हाडी येते असा माझा समज झाला होता. 'ला' काढून 'ले' लावलं की झालं, इतकं माझं व्याकरण. त्याच तोऱ्यात मी दुपारच्या वेळी घरोघर फिरले. ओळखीपाळखीच्या बायका, शाळेतल्या सहकारी, शेजारच्या वकीलीणकाकू. प्रत्येकीला बोर्डिंगची अडचण सांगायची, सेठजींचा शब्द सांगायची आणि शेवटी माझ्या मते अस्सल भाषेत विचारायची, "बाईंसोबत अकोल्याले पायी जायाचं हाये. चालते का?"

आणि प्रत्येकीचं उत्तर एकच, "चालते." कोणी म्हणाली, "चालते ना, न चालायले काय झालं?" वकीलीणकाकू तर अडकित्ता खाली ठेवून म्हणाल्या, "अवं, धावते!" मी घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं की वऱ्हाडातल्या बायकांसारख्या धीट बायका पुण्यात शोधून सापडणार नाहीत. ते कॉलेजात गणित शिकवायचे, फारसे बोलायचे नाहीत. एवढंच म्हणाले, "सगळ्याच?"

पुढच्या रविवारी उजाडता उजाडता चालण्याचा पहिला सराव ठरला. देवीच्या देवळापाशी जमायचं. मी गेले तर बाई टांग्यातून उतरून उभ्या होत्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बायकांच्या मापात त्यांचा पाय मावेना म्हणून पुरुषांचे आणलेले, वर नऊवारी. दुसरं कोणी नाही. आम्ही उन्हं वर येईपर्यंत वाट पाहिली. एक बाई आली, ती माळीणमावशी. पण ती सरावाला नव्हती आली, वलगावच्या मळ्यातून शेवंतीची टोपली घेऊन देवळात फुलं द्यायला आली होती, रोजच्यासारखी.

मी तिथून थेट वकीलीणकाकूंकडे. दारातूनच सुरू झाले. "तुम्ही चालते म्हणालात ना? शब्द दिलात ना?"

काकू न्हाऊन केस पुसत होत्या. त्या माझ्याहून तापल्या. "म्हटलंच ना मी. चालते म्हटलं. धावते म्हटलं. बाईनं पायी जावं, चांगलं काम हाये, माही काय ना हाये? पण तू मले एका शब्दानं तरी म्हटलं का, काकू तुमी या? गावभर सांगत फिरली, आन् शेजारणीले बोलावनं नाई. मीच तुयावर रागावून बसली आहो दोन दिवसांपासून."

मग कुठे डोक्यात उजेड पडला. मला वाटलं होतं मी विचारतेय 'तुम्ही चालणार का', आणि त्या म्हणताहेत 'मी चालते'. त्यांनी ऐकलं होतं 'हे चालेल का', आणि म्हणाल्या होत्या 'चालेल की'. आमच्याकडे पुण्यात जे 'चालतं', ते इकडे 'चालते'. सबंध अमरावतीनं बाईंना पायी जायला मनापासून परवानगी दिली होती. बरोबर जायचं कोणालाच कोणी विचारलं नव्हतं.

काकूंना हे समजावलं तेव्हा त्या डोक्याचा पंचा तोंडावर धरून इतक्या हसल्या की वकीलसाहेब अशिलाला सोडून आत आले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट अंबागेटच्या दोन्ही बाजूंना झाली. मला वाटलं, आता तोंड दाखवायला जागा नाही. बाई म्हणाल्या, "फुकटात गावभर बातमी झाली. आता जा, आन् नीट विचारा."

मी पुन्हा सगळ्या घरी गेले आणि विचारलं, "तुमी येता का?" या वेळी उत्तरं खरी आली. 'येईन, बघू, कळवते' ही पुण्याची गुळगुळीत उत्तरं इथे नाहीत, हे मला तेव्हा पहिल्यांदा आवडलं. एक म्हणाली, "सासू जाऊ देनार नाई." दुसरी म्हणाली, "मले दिवस गेले हायेत, पन कोनाले सांगजो नको." तिसरी म्हणाली, "मले चालनं आवडत नाई. मले रेल्वे आवडते." 'येते' म्हणणाऱ्या वकीलीणकाकू एकट्या. आणि न विचारता येणारी माळीणमावशी. तिच्या बहिणीची मुलगी बाईंकडे राहत होती. ती म्हणाली, "मी रोजचीच चालते बाप्पा, माहं कायचं सराव? पन याहिले शिकवा लागन."

अशा आम्ही चौघी. बाई, काकू, मावशी आणि मी.

सराव म्हणजे काय, बाईंनी रोज शाळेत पायी यायचं. पहिल्या दिवशी अंबागेटपासून राजकमल चौकापर्यंत येईस्तोवर त्या तीनदा बसल्या. एकदा पानठेल्याच्या फळीवर, एकदा सायकलच्या दुकानात, एकदा नुसत्याच रस्त्याच्या कडेला. मागून चाचांचा टांगा. बाईंनी त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं. ते ऐकेनात. बाईंची पिशवी आणि छत्री बैठकीवर ठेवून, लगाम आवळून घोड्याला पावलापावलानं चालवत राहिले. म्हणाले, "बाईसाब, नये घोड़े को पहले खाली टांगा खिंचवाते. सवारी बाद में." बाई म्हणाल्या, "मंजे मी घोडा?" चाचा म्हणाले, "नहीं जी. घोडा तो जल्दी सीखता है."

पोरं मागे लागत. "बाईंचा टांगा रिकामा, बाईंचा टांगा रिकामा." मला संताप यायचा. मी एकाच्या अंगावर धावूनही गेले. बाई बसल्या जागेवरून म्हणायच्या, "म्हनू द्या. टांगा रिकामाच हाये, खोटं काय हाये त्यात?" पण त्यांच्या वरच्या ओठावर घाम साचलेला असायचा आणि डावा पाय साडीखाली हलत असायचा. त्यांना दुखत होतं. दुखतंय असं त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही.

हळूहळू तीनदाचं दोनदा झालं. पानठेल्याची फळी सुटली, मग सायकलचं दुकान सुटलं. गंमत अशी की घोड्याला बाईंच्या थांब्यांची इतकी सवय लागली की दुसरी सवारी घेऊन जातानाही तो सायकलच्या दुकानापाशी उभा राहायचा. चाचांच्या गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्या. चाचांनी कोणाचंही मनावर घेतलं नाही.

काकूंची तयारी वेगळी. त्यांना चालायला यायचं, पण चालायचं कोणासमोर याची लाज. वकिलाची बायको रस्त्यानं पायी जाते म्हणजे लोक काय म्हणतील, म्हणून त्या पहिले चार दिवस आपल्याच अंगणात फेऱ्या घालत होत्या. मावशीनं भिंतीवरून पाहिलं आणि म्हणाली, "काकू, अकोला अंगनात हाये का?" पाचव्या दिवशी काकू बाहेर आल्या.

दिवाळीनंतर एका रविवारी आम्ही वलगावला गेलो, मावशीच्या मळ्यात. त्या दिवशी बाई पहिल्यांदाच गाव ओलांडून इतक्या लांब पायी आल्या. मळ्यात शेवंती आणि झेंडू फुलला होता, कडेला मुळा, मेथी. बाई पाटाच्या कडेला बसल्या, बूट काढले आणि दोन्ही पाय वाहत्या पाण्यात सोडले. तो डावा घोटा मी तेव्हा पहिल्यांदा उघडा पाहिला. आतल्या बाजूला वळलेला, निळसर. मावशीनंही पाहिला. ती एरंडेल घेऊन आली, समोर मातीत बसली आणि पाय मांडीवर घेऊन चोळायला लागली. बाईंनी ओढून घेतला तर तिनं पुन्हा ओढला.

"अशा पायानं जाऊन राहिल्या?" मावशी म्हणाली.

"दुसरा आनू कुठून?" बाई म्हणाल्या.

मला रडू आलं. मी मेथीच्या वाफ्याकडे तोंड करून उभी राहिले. तोवर मला हे सगळं एक साहस वाटत होतं, पुण्याला पत्रात लिहिण्याजोगं. त्या पाटावर मला ही बाई काय ताकदीची आहे ते समजलं, आणि तेव्हा वाटलेला आदर आजही तसाच आहे.

नाताळच्या सुट्टीत निघालो. बोर्डिंगच्या मुली बडनेऱ्यापर्यंत आल्या, चाचाही टांगा घेऊन आले. तिथून त्यांना परत पाठवलं. घोडा बाईंना सोडून वळेना, त्याला हातानं ओढून वळवावं लागलं. सेठजींना आम्ही काही कळवलं नव्हतं. मी कळवू म्हणत होते. बाई म्हणाल्या, "कळवलं तं तो मोटार धाडन."

डोक्यावर थंडीचं ऊन, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस. शेतातल्या बाया ओटीत बोंडं धरून बांधावर येत आणि विचारत, "कुठी जाऊन राहिल्या?" मावशी मोठ्यानं सांगे, "अकोल्याले, बंगला मागाले." त्यांना वाटे थट्टा चाललीय. मग बाई पोरींबद्दल सांगत आणि बाया हातातली वेचणी थांबवून ऐकत. कोणी हुरडा दिला, कोणी भाकरी आणि ठेचा, कोणी पोरींसाठी घोंगडी. जड काही घ्यायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पण कुरुमच्या अलीकडे एका म्हातारीनं भला मोठा पितळी गंज आणून पुढे ठेवला. डझनभर पोरींचं वरण एका वेळी शिजेल असा. म्हणाली, "माह्या घरी आता दोघंच खानारे. याच्यात पोरीयचं शिजवा." नाही म्हणणं कोणाला जमलं नाही. आता न्यायचा कोणी? मावशीच्या डोक्यावर आधीच घोंगड्यांचं गाठोडं होतं. वकीलीणकाकूंनी इकडेतिकडे पाहिलं, पदराचा पिळा करून चुंबळ केली आणि गंज डोक्यावर घेतला. मूर्तिजापूरच्या भर बाजारातून त्या तशाच गेल्या. समोरून वकीलसाहेबांचे एक ओळखीचे आले, त्यांनी टोपी नीट केली आणि नमस्कार केला. काकूंना दोन्ही हात वर असल्यानं करता आला नाही.

मूर्तिजापूरनंतर बाईंचा घोटा सुजला. बूट चढेना. मावशीनं जुनेर फाडून पाय बांधला आणि बूट गाठोड्यात टाकला. आता त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होत्या. काटेपूर्णेच्या पुलापाशी मागून कापसाची बंडी आली. गाडीवान भला माणूस, तो बैल थांबवून म्हणाला, "बसा माय, बोरगावपावतर सोडतो."

आम्ही तिघींनी बाईंकडे पाहिलं. काकू हळूच म्हणाल्या, "बसा ना बाई. थोडंसंच. सेठजीले कोन सांगते? कोन पाहून राहिलं?"

बाईंनी बंडीच्या चाकाला हात लावला. क्षणभर मला वाटलं बसतात. मला मनापासून वाटत होतं की बसाव्या.

"मी पाहून राहिली ना," बाई म्हणाल्या. त्यांनी गाडीवानाला सांगितलं, "दादा, गंज आन् गाठोडं न्या. तेवढं पुन्य घ्या. बोरगावले देवळात ठेवजा."

त्यानं तसंच केलं. आम्ही पोचलो तेव्हा गंज देवळाच्या पायरीवर होता, आणि त्यात त्यानं कुठूनशी पायलीभर तुरीची डाळ ओतून ठेवली होती.

सहाव्या दिवशी अकोल्यात शिरलो तेव्हा दुपार उतरत होती. सेठजींच्या वाड्याबाहेर दगडी ओटा होता. बाई त्यावर बसल्या आणि मग त्यांना उठताच येईना. मुनीम आत निरोप घेऊन गेला. सेठजी बाहेर आले, तोंडात पान, आमच्याकडे पाहून हसायच्या बेतात. मग त्यांची नजर खाली गेली. एका पायात पुरुषी बूट, दुसऱ्या पायाला जुनेराच्या पट्ट्या, आणि पट्ट्यांवर रस्त्याची लाल-काळी माती. ते पान थुंकून आले आणि बाईंच्या समोर खालच्या पायरीवर बसले. म्हणाले, "बाई, पायाचं तुमी दसऱ्याले काहून नाई सांगितलं?"

"तुमी पाय नव्हता विचारला. पायी म्हटलं होतं."

सेठजींनी आतून किल्ली मागवली. ती हातात धरून बसून राहिले. आता काहीतरी अट निघणार, आता भाडं निघणार, असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "एक सांगतो, नंतर बोल नको. छप्पर गळते. सैपाकघरावर लिंबाची फांदी पडेल हाये. विजेची लाइन कापेल हाये." मग अगदी संकोचानं त्यांनी विचारलं, "चालते का?"

आम्ही चौघी एकदम हसलो. आधी काकू, मग मी, मग मावशी गंजाला टेकून. बाई डोळे पुसत हसत होत्या आणि त्यातलं हसण्याचं पाणी कुठलं, दुसरं कुठलं, सांगता आलं नसतं. सेठजी बावचळून एकेकीकडे पाहत होते.

"चालते," बाई म्हणाल्या, आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

संक्रांतीला मुली बंगल्यात होत्या. फांदी काढली, पहिल्या पावसाळ्यात घरभर बादल्या मांडल्या, पुढच्या पावसाळ्याआधी सेठजींनी स्वतः येऊन छपराचे कवेलू, म्हणजे आमची कौलं, फिरवून दिले. त्या गंजात किती वर्षं वरण शिजलं कोण जाणे. धारणीच्या दोघींतली एक पुढे नर्स झाली आणि एक आमच्याच शाळेत शिकवायला आली.

बाईंचा पाय मात्र पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. आधी त्या निमित्त काढून थांबायच्या, आता काठी घेऊन थांबायला लागल्या. संक्रांतीनंतरच्या सोमवारी मी शाळेच्या फाटकात उभी होते. बाई एव्हाना मुलींबरोबर बंगल्यात राहायला आल्या होत्या, आणि बंगला शाळेच्या फाटकातून सरळ दिसत होता. मधे एक मैदान आणि एक रस्ता. तिथून चाचांचा टांगा निघाला, मैदानाला वळसा घालून माझ्यासमोर येऊन थांबला. उजव्या बाजूच्या बैठकीवर बाई, मांडीवर पिशवी, हातात छत्री, आणि चेहऱ्यावर गाव ज्याला ऐट म्हणायचं ती.

मी म्हटलं, "बाई, अकोल्यापर्यंत पायी गेलात, आणि इथून इथे टांगा?"

चाचांच्या खांद्यावर हात ठेवून त्या हळूहळू खाली उतरल्या. पदर सारखा केला.

"आता चालते," त्या म्हणाल्या.